सावळीचं मऊ अंथरूण

सावळी उभी होती, पण तिची उभी राहायची तऱ्हा पाहून नानांच्या हातातली दाणा-चंदीची बादली खाली पडली.

पुढचे दोन्ही पाय लांब टाकलेले, सगळा भार मागच्या पायांवर. जणू खाली जमीन नाही, तापलेला तवा आहे. एरवी बादलीचा आवाज आला की दारावर टापा मारून तबेला डोक्यावर घेणारी ही घोडी. आज तिनं मानही वळवली नाही. नाना आत गेले, गुडघे टेकून बसले आणि खुराच्या वर बोटं ठेवली. शीर धाडधाड उडत होती. खूर गरम. पाय सुजून खांबासारखे झालेले.

"देवा," नाना म्हणाले.

शेजारच्या ठाणावर बिजली, तीही तशीच. त्यापुढे राजहंस, घामानं निथळलेला.

आणि हे कोणाच्या तबेल्यात, तर नानांच्या! जिथे लीद पडायची खोटी, की फावडं आलंच. जिथे भिंतीत एक खिळा वर आलेला दिसला तर नाना जेवण अर्धवट टाकून हातोडी आणत. खोगिरं खुंटीवर, खरारे धुऊन उन्हात, आग विझवायची वाळू दारापाशी. मुलगी चिडवायची, "नाना, माझ्या लहानपणी मला एवढी अंघोळ घातली होती का हो?" त्यावर नाना म्हणायचे, "तू लाथा कमी मारायचीस."

सावळी त्या मुलीचीच. तिच्याच पाठीवर ती घोडदौड शिकली, पडली, रडली, पुन्हा चढली. आता ती लग्न होऊन पलीकडच्या गल्लीत राहत होती, तरी सकाळी आधी सावळीला भेटायची, मग बापाला. आजही ती आली, तोंडभर हसत आली, आणि ठाणाच्या दारातच थबकली.

"नाना, काय झालं हिला?"

"डॉक्टरीणबाईंना फोन कर. आधी फोन कर, मग रड."

डॉक्टरीणबाई येईपर्यंत नानांनी चंदी ओंजळीत घेऊन हुंगली. चांगली होती. हौदातलं पाणी स्वतः पिऊन पाहिलं. गोड होतं. तेवढ्यात अगदी टोकाच्या ठाणावरून धाडकन लाथ बसली. खडूस! म्हातारा, चावरा, सगळ्यांचा नावडता घोडा. चंदीला उशीर झाला म्हणून तो दार मोडायला निघाला होता. ठणठणीत.

नाना त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. चंदी तीच, पाणी तेच, हवा तीच. मग या खवीसाला काही नाही आणि माझ्या लाडक्यांनाच का? त्यांची नजर खाली गेली. खडूसच्या पायाखाली नेहमीचा पिवळा पेंढा होता. त्याच्यापर्यंत कालचा भुसा पुरलाच नव्हता. नाना सावकाश मागे वळले. सावळीच्या पायाखाली गडद तपकिरी, कुरळा, ढोपरभर उंच, मऊ मऊ भुसा. काल त्यांनीच पसरला होता. सावळीच्या वाट्याला तर दोन पोती जास्त.

हा भुसा जावयानं आणला होता.

आता जावयाचं सांगायचं तर माणूस सोन्यासारखा, पण सुतार, आणि घोड्यांना भलता भिणारा. लग्न झाल्यापासून तो फाटकाच्या आत आलाच नव्हता. "जावईबापू, घोडे खात नाहीत माणसं," नाना टोमणा मारायचे, तो म्हणायचा, "चावतात तर ना?" आणि तिथूनच हात हलवून जायचा. असा हा माणूस काल हातगाडी घेऊन थेट दारापर्यंत आला. "नाना, वर्कशॉपमध्ये रंध्याचा भुसा निघालाय. म्हटलं, तुमच्या घोड्यांना झोपायला होईल." कपाळावर घाम, डोळे खडूसवर, तरी पोती उतरवत होता.

नानांचं मन भरून आलं. आणि तिथेच घात झाला.

कारण आजवर नानांनी लाकूड कोणतं हे विचारल्याशिवाय भुशाचं एक पोतं आत घेतलं नव्हतं. लाकूडवखारीचा मालक वैतागून म्हणायचा, "नाना, झाडाच्या आईबापांची नावंही सांगू का?" पण काल जावई पहिल्यांदा काहीतरी घेऊन आत आला होता. त्याला काय उलटतपासणी करायची? नाना एवढंच म्हणाले होते, "वा! काय मऊ आहे हो!"

डॉक्टरीणबाई आल्या. पाय पाहिले, शीर पाहिली, मग चिमूटभर भुसा उचलून उजेडात धरला. "नाना, हे कुठलं लाकूड?"

नानांनी तोंड उघडलं.

नेमकी तेव्हाच हातगाडी कुरकुरली. जावई आणखी पोती घेऊन दारात हजर, चेहरा कसा फुललेला. "काळा अक्रोड आहे डॉक्टर! एकदम भारी माल. एका मोठ्या घरच्या जेवणाच्या टेबलाचं काम आहे."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "काढा! सगळा बाहेर काढा. घोड्याला हे विष आहे. खुरांच्या आत सूज येते. फार चढली तर घोडा पुन्हा पायावर उभा राहत नाही."

मुलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. पोतं हातातून निसटलं. "मी... मला वाटलं..." नानांच्या जिभेवर एक जळजळीत शब्द आला होता. पण सांगू का, त्याच क्षणी त्यांना कालचा तो घाम आठवला.

"लाकूड विचारायचं काम माझं होतं," नाना म्हणाले. "तुमचं नव्हे. फावडं घ्या, जावईबापू."

मग एकच धावपळ उडाली. सावळीला एकेक पाऊल टाकायला लावत बाहेर अंगणातल्या मऊ वाळूवर आणलं. प्रत्येक पावलाला ती कण्हत होती आणि मुलगी तिच्या कानाशी बोलत होती. बिजली आली, राजहंस आला. डॉक्टरीणबाईंनी सुया टोचल्या. नानांनी ठाणं खरवडून काढली, धुतली, पेंढा पसरला. पायांवर गार पाण्याची धार सतत धरायची होती. बिजली आणि राजहंसाकडे मुलगी आणि नाना आलटून पालटून होते. सावळीपाशी जावई उकिडवा बसला. घोड्याच्या पायाशी! नळी धरून त्याची बोटं पांढरी पडली, तरी तो हलेना.

"अहो, जरा उठा, मी धरते," मुलगी म्हणाली.

"नको."

"भीती नाही वाटत?"

"वाटतेय ना. बोलू नकोस."

दुपारी बिजलीनं पेंढ्याला तोंड लावलं. थोड्या वेळानं राजहंसानंही. सावळी मात्र दगडासारखी, तशीच मागे रेललेली. डॉक्टरीणबाई दर वेळी शीर पाहायच्या आणि पुन्हा नळीकडे बोट दाखवायच्या. नाना भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहिले. देवाजवळ मागायचं तरी कोणत्या तोंडानं? अंथरूण आपणच घातलं होतं, तेही दोन पोती जास्त.

ऊन कलायला लागलं आणि अंगणातून अशी आरोळी उठली की नानांनी खाडकन डोळे उघडले. ते धावले.

जावई वाळूत बसून किंचाळत होता. सावळीनं पुढचा उजवा पाय उचलून सरळ त्याच्या पायावर ठेवला होता. नुसता टेकवला नव्हता, चांगला भार देऊन ठेवला होता.

"नाना! पाय! माझा पाय!"

नाना जागच्या जागी थिजले. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "भार दिला," ते पुटपुटले. "अगं, हिनं पायावर भार दिला!"

"तिला हटवा आधी!" जावई ओरडला, पण ओरडता ओरडता त्यालाही कळलं, आणि तो रडत रडत हसायला लागला. मुलगी खांद्यानं घोडीला ढकलू लागली. सावळीनं तिचा हात हुंगला, नाक फुरफुरवलं, आणि चंदीची बादली कुठे आहे ते पाहायला मान वळवली.