उन्हाळ्यात मोजलेली पाणथळ

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे. शंभर पोलादी कड्या आणि दोन टोकांना दोन पितळी मुठी. मित्रांनो, मला जमीन सरळ मोजता येते, पण गोष्ट सरळ सांगता येत नाही. तेव्हा पुढे एक बेडूक येईल, तो तेवढा गाळून घ्या. बाकी सारे खरे आहे.

लोहाराने माझी कडी न् कडी ठोकून पारखली आणि मी एका मोजणीदाराच्या हाती आले. माणूस काटेकोर. बोटभर चूक झाली तरी पुन्हा पहिल्या खुंटीपासून सुरुवात करायचा. लोक म्हणत, "याची साखळी खोटं बोलत नाही." तेवढ्यानेच मी चमकत असे.

पण आमच्या कचेरीची एक रीत होती. मोजणी करायची ती उन्हाळ्यातच. जमीन कोरडी, वाट मोकळी, बूट स्वच्छ. मोजणीदाराच्या बहिणीच्या शेताला लागून मोठी पाणथळ होती. तिथे आम्ही सात वेळा गेलो, सातही वेळा भर उन्हात. भेगाळलेली माती, वाळलेले लव्हाळे. मोजणीदार लिही, "पडीक. उपयोग नाही."

बहीण पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर यायची.

"दादा, झोपलेल्या माणसाला कुणी मेलेला म्हणतं का? पावसाळ्यात ये एकदा."

"पावसाळ्यात साखळी बुडेल की गं."

"मग बुडू दे. तेच तर लिहायचंय."

तो हसला. मीही खुळखुळले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्या 'पडीक' शब्दाच्या जोरावर पाणथळीचा वरचा अर्धा भाग भरून गोदाम उभे राहिले. दोन वर्षांत बहिणीची विहीर निम्म्यावर आली. जे पाणी पाणथळ पोटात घेई, ते पावसाळ्यात तिच्या घरात शिरू लागले. मग गोदामवाल्याने उरलेला भागही मागितला. तो गेला असता तर विहीर संपलीच होती.  बहीण तांब्या घेऊन बांधावर यायची थांबली. ते त्याला लागले.

त्या पावसाळ्यात मला खांद्यावर टाकून तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला. लव्हाळ्यात पाखरांची पिल्ले होती, माशांची पोरे होती, आणि पाणी हळूहळू विहिरीकडे झिरपत होते. एक बेडूक माझ्या त्रेसष्टाव्या कडीवर बसून दिवसभर आमची मोजणी तपासत राहिला.

दुसऱ्या दिवशी मोजणीदाराने मला चिखलासकट साहेबांच्या टेबलावर ठेवले.

"मोजणी उन्हाळ्यात असते, ठाऊक आहे ना?" साहेब म्हणाले.

"ठाऊक आहे, साहेब. म्हणूनच सात वेळा चुकलो. सातही कागदांवर माझीच सही आहे."

साहेबांनी चिखलाला बोट लावून पाहिले. "हे लेखी द्याल?"

"लिहूनच आणलंय."

उरलेली पाणथळ वाचली. भरलेली परत आली नाही. मोजणीदाराची बढती हुकली आणि मला गंज चढला. आता मी त्याच्या घरी खिळ्याला लटकते. बहीण आली की म्हणते, "दादा, आता तरी बूट काढून चाल."

मित्रांनो, उद्या तुम्ही शेत कराल, कारखाना काढाल, कागदांवर सह्या कराल. एखाद्या जमिनीला निरुपयोगी म्हणण्याआधी पावसाळ्यात तिच्यात एकदा उतरा. आणि माझा गंज घासू नका. सात कोरड्या मोजण्यांनंतर एकच खरी मोजणी झाली, तिची खूण एवढीच उरली आहे.