सोमवारची पानं

बायकोची वही आणायला वायरमन तिच्या प्रयोगशाळेत गेला, तेव्हा ती वारून दोन महिने झाले होते. वही हे निमित्त. खरं तर त्याला तो माणूस बघायचा होता.

अकरा वर्षं ती त्या माणसाच्या शेजारच्या स्टुलावर बसली. घरी जेवताना तोंडात त्याचंच नाव. मास्तर असं म्हणाले, मास्तर तसं म्हणाले. वायरमनने हौसेने आणलेलं अत्तर ती फक्त रविवारी लावायची. आणि सोमवारी सकाळी दोनदा डोकं धुवायची, अंग घासघासून काढायची. घरचा वास धुऊन ही कुणाकडे जाते, हा काटा त्याच्या मनात सलत राहिला. विचारलं कधीच नाही. उत्तर मिळालं असतं तर?

मास्तर निघाला टकला, ढेरपोट्या, स्वेटरला भोक पडलेला. वायरमनला आणखीच राग आला. देखणा असता तर निदान समजून घेता आलं असतं.

"या दाजी. बसा, ताईंचंच स्टूल आहे."

दाजी म्हणे! वायरमन उभाच राहिला. "वही द्या."

"वही कशी देऊ? वर्षाचं काम आहे त्यात."

टेबलावर काचेच्या नळ्या होत्या. प्रत्येकीत मुंगीहून लहान गांधीलमाशी. दुसऱ्या माशीच्या कोशात अंडी घालणारी जात. मास्तरने चिमट्याने कागदाचा तुकडा एका नळीत सोडला. आतला नर पंख फडफडवायला लागला.

"या कागदावरून कुवार मादी चालून गेलीय. तेवढ्या वासावर हा नाचतोय. तिचा एकदा जोडा जमला, की नराच्या वासाकडे ती ढुंकूनही बघत नाही. कोश शोधत सुटते."

"एकदाच?"

"एकदाच."

वायरमनने वही ओढून घेतली. एक ओळ तिची, एक मास्तरची. 'आज लवकर नाचला.' 'कालचाच का?' 'नाही हो, धाकटा.' एवढं तर ती घरी वर्षभरात बोलत नव्हती. त्याने फाडकन पान उलटलं.

"आणि हे काय?"

सोमवारच्या पानावर लाल शाईत: 'वास. पुन्हा करणे.' पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

"तुमचं ते अत्तर!" मास्तर उसळलाच. "इथे साबणसुद्धा बिनवासाचा लागतो. दुसरा वास मिसळला की नर गोंधळतात. ताई दोनदा डोकं धुवून यायच्या, तरी केसात राहायचंच. दर सोमवार वाया! हात जोडले, म्हटलं सोडा ते. तर म्हणायच्या, 'मास्तर, सहा दिवस तुमच्या माश्यांचे. रविवार मागायचा नाही.'" त्याने चिमटा टेबलावर ठेवला. "मला राग यायचा. अजून येतो."

वायरमन स्टुलावर बसला. बराच वेळ तो सोमवार शोधत राहिला.

"ही पानं तुमच्या काय कामाची?"

"कामाची नाहीत. पण वही फाडायची नसते."

"द्या."

मास्तरने ब्लेड काढलं आणि एकेक सोमवार सांभाळून कापून दिला. चांगली जुडी झाली. उरलेली वही त्याने घाईघाईने ड्रॉवरमध्ये टाकली. मंगळवार ते शनिवार, सगळे आत. किल्ली खिशात.

वायरमनने त्या खिशाकडे बघितलं. "उद्या येतो. बाकीची इथेच बसून वाचीन."

"दोनपर्यंत वाचा," मास्तर तुटकपणे म्हणाला. "नंतर मी वाचत असतो."