तार न ओवलेली पिन

आमच्या कप्तानाला बारा मिनिटांचं खूळ लागलं होतं. पाणबुडीच्या कोठीतून विमानाचे तुकडे बाहेर काढायचे, पंख, शेपूट आणि चाकांऐवजी असलेल्या दोन होड्या जोडायच्या, की पाणबुडीच्या नाकावरच्या रुळांवरून विमान द्यायचं भिरकावून! सगळं बारा मिनिटांत. दुसऱ्या पाणबुडीला सोळा लागतात म्हणून हा गडी छाती फुगवून फिरायचा. अरे, लागू देत की सोळा! शत्रूच्या बंदराची टेहळणी करायची होती, शर्यत नव्हती लावली कुणी.

मी कोमिने, त्या विमानाचा मुख्य मिस्त्री. त्या पहाटे डाव्या होडीच्या दांड्यात पिन बसवली आणि लाटेने असा हिसका दिला, की पिनेत ओवायची तार हातातून निसटून समुद्रात गेली. तारेशिवाय पिन केव्हाही निघून येते. दुसरी तार खाली पेटीत होती.

मी रुळांवर आडवा उभा राहिलो. "साहेब, तीन मिनिटं द्या. डाव्या होडीला तार नाही."

"बारा झाली," कप्तान म्हणाला. "उजाडतंय. बाजूला हो."

"साहेब, उतरताना होडी निखळेल—"

फाडकन कानाखाली बसली. तरी मी हललो नाही. तेव्हा वैमानिक उकाईच वरून ओरडला, "कोमिने, सरक ना बाबा! उकाईची फाटली म्हणून वेळ काढतोय म्हणतील सगळे."

"म्हणू देत की! जीव तरी वाचेल."

"माझी अब्रू घालवतोस का सगळ्यांसमोर? सरक म्हणतो ना!"

आमच्या आरमाराची हीच खोड. मेलेलं चालतं, घाबरलेलं दिसलेलं चालत नाही. मी चरफडत बाजूला झालो.

दोन तासांनी विमान परत आलं, एक गोळीही न लागता. उकाईने ते अलगद पाण्याला टेकवलं आणि डावी होडी निखळली. विमान उलटं झालं. मागे बसणारा निरीक्षक पोहत आला. उकाई पट्ट्यांत अडकला आणि विमानासकट बुडाला. निखळलेली होडी वाहत आमच्यापाशी आली, तेव्हा तिच्या दांड्यातलं पिनेचं भोक रिकामं होतं. मी ते कप्तानाला बोटाने दाखवलं. त्या मेल्याने नोंदवहीत लिहिलं, 'शत्रूच्या गोळीबारात नष्ट.'

युद्ध संपल्यावर मी ओवासे गावी उकाईच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने, तोयोने, चहा पुढे ठेवला.

"गोळ्या झेलून परत आले होते हो," ती म्हणाली. "सगळ्या गावाला अभिमान आहे."

माझं डोकंच सणकलं. कसल्या गोळ्या नि कसलं काय! तार, बारा मिनिटं, थप्पड, सगळं ओकलो. कप्तानाला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. तिने त्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

"तुम्ही रुळांवर उभे होतात ना?"

"हो, वहिनी."

"तुम्ही हलला नसतात तर विमान उडालं असतं?"

"नसतं. पण उकाईच म्हणाला—"

"ते म्हणणारच! त्यांना अब्रू प्यारी होती. तुम्हाला तर कळत होतं ना? मग सरकलात कशाला?"

तिने माझ्या पुढ्यातला चहा उचलला, दाराशी गेली आणि अंगणात ओतून दिला.