संथ ठोका

घड्याळजींनी मोठ्या घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि लंबक दोन बोटांत धरून थांबवला. हे शेवटचं. भिंतीवरची, टेबलावरची, दुरुस्तीला आलेली आणि दुरुस्त होऊनही गिऱ्हाईक न्यायला विसरलेली, अशी बाकीची सगळी त्यांनी आधीच गप्प केली होती. मनगटी घड्याळांचं खोकं रजईत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवलं होतं. दर गुरुवारी दुपारी त्यांना हा उपद्व्याप करावा लागे. इंटरनेट धड मिळायचं ते दुकानातच, त्यामुळे त्यांच्या बायकोचा, बाईंचा, ऑनलाइन वर्गही तिथूनच चालायचा, आणि घड्याळं चालू राहिली की बाईंच्या आवाजामागे टिकटिकीचा नुसता बाजार भरायचा.

“झालं. तुझ्या रशियापायी पुन्हा एकदा काळ थांबवला,” ते म्हणाले.

“तासाभराचा तर प्रश्न आहे.”

“आणि नंतर एकेकाचे काटे जुळवत कोण बसणार? तुझा झार?”

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांनी नुसता चष्मा पुसला आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

बाईंचा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला होता. पुस्तकात रशियाच्या वाट्याला चार पानं यायची, आणि तीही परीक्षेच्या तोंडावर उरकायची. बाकीचा सगळा रशिया बाईंनी घरी बसून वाचला. नकाशे वाचले, रोजनिश्या वाचल्या, कुठकुठल्या जाडजूड ग्रंथांच्या तळटीपासुद्धा सोडल्या नाहीत. निवृत्तीनंतर हे सगळं डोक्यात घेऊन बसायचं कुठं, हा प्रश्न होता. तेव्हा भाचीनं एका संकेतस्थळाची माहिती आणली. ज्याला जे येतं ते त्यानं तिथं फुकट शिकवावं, ज्याला हवं त्यानं येऊन ऐकावं. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

सुरुवातीला पडद्यावर चेहऱ्यांची दाटी असे. लोक प्रश्न विचारत, वाद घालत, एक आजोबा तर दर वेळी स्वतःचंच व्याख्यान सुरू करत. मग नव्याची नवलाई संपली आणि एकेक चौकोन विझत गेला. आता एकच उरला होता. त्यात चेहरा नव्हता, नुसता काळोख. नावाच्या जागी एक टिंब. शेजारच्या माइकच्या चिन्हावर कायमची लाल रेघ. “ऐकू येतंय ना?” असं बाई प्रत्येक वेळी विचारत आणि टिंब प्रत्येक वेळी मिठाची गुळणी धरून बसे. पण यायचं मात्र वेळेच्या आधी, आणि बाईंनी वर्ग बंद केल्याशिवाय जायचं नाही.

घड्याळजींनी त्याचं नाव टिंबराव ठेवलं होतं.

“भिंतीलाही कान असतात म्हणतात,” ते एकदा म्हणाले होते. “तुझ्या भिंतीला तेवढेही नाहीत. कुणीतरी यंत्र चालू ठेवून वामकुक्षी घेत असणार.”

त्या दिवशी बाईही हसल्या होत्या. काल मात्र भाचीचा फोन आला.

“मावशी, रागावू नकोस हं. ज्या वर्गाला काहीच प्रतिसाद नाही, तो ते लोक बंद करतात. उद्या कुणी एक अक्षर जरी लिहिलं ना, तरी मी त्यांच्याशी भांडेन.”

“आणि नाही लिहिलं तर?”

भाची दुसरंच काही बोलू लागली. “नको भांडूस,” बाई म्हणाल्या. “कुणी ऐकतच नसेल तर दुकान मांडून बसण्यात काय अर्थ आहे?” फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ पाण्याचा ग्लास हातात धरून उभ्या होत्या, पाणी न पिता. घड्याळजींनी ते पाहिलं होतं. म्हणून आज रजई गुंडाळताना त्यांनी नेहमीची कुरकुर निम्मीच केली.

पडदा उजळला. टिंब आलेलंच होतं.

“नमस्कार,” बाई म्हणाल्या. “आज लेनिनग्राडचा वेढा.”

हा विषय त्यांनी राखून ठेवला होता. कधीतरी मोठा वर्ग भरेल, तेव्हा सांगू. आता राखायचं कुणासाठी? त्या बोलू लागल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी चहूबाजूंनी कोंडलेलं शहर. पहिलाच हिवाळा असा, की ट्राम जिथल्या तिथं बर्फात उभ्या राहिल्या. नळ गोठले. लोक नदीच्या बर्फाला भोक पाडून बादलीनं पाणी काढायचे आणि घसरगाडीवरून ओढत न्यायचे. ज्यांना कमीत कमी शिधा मिळे, त्यांच्या वाट्याला दिवसाला सव्वाशे ग्रॅम पाव, त्यातही पीठ किती आणि भुसा किती ते विचारू नये. त्या सांगत गेल्या आणि आवाजातला कडवटपणा केव्हा गळून पडला ते त्यांनाही कळलं नाही. या गोष्टीपाशी आल्या की त्यांचं नेहमी असंच व्हायचं. माणसं हे सोसून उरली कशी, याचं आश्चर्य इतक्या वर्षांत कमी झालं नव्हतं. दुकानाच्या दारात आलेल्या गिऱ्हाइकाला घड्याळजींनी हातानंच नंतर यायला सांगितलं.

“घराघरांत, रस्त्यांवर ध्वनिक्षेपक लावलेले होते,” बाई म्हणाल्या. “कार्यक्रम संपला की ते मुके नाही व्हायचे. त्यांतून ठोके ऐकू यायचे. संगीत शिकणाऱ्यांसाठी ताल मोजायचं यंत्र असतं ना, त्याचे. ठोके जलद पडू लागले की समजायचं, विमानं आली, पळा. संथ असले की धोका नाही.” त्या घड्याळजींकडे वळल्या. “अहो, मोठं घड्याळ सुरू करा जरा.”

घड्याळजी बघतच राहिले. वर्ग चालू असताना घड्याळ सुरू करायचं, हे आक्रीतच होतं. पण त्यांनी निमूटपणे दार उघडून लंबकाला धक्का दिला.

टक. टक. टक.

“असे,” बाई हळूच म्हणाल्या. “बोलायला कुणी नसेल तरी हे चालू. अंधारात, थंडीत, अंगावर होते नव्हते तेवढे कपडे घालून माणूस पडलेला असायचा. उठायचं त्राण नाही, हाक मारायला आवाज नाही. पण हे ऐकू यायचं. म्हणजे दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे. शहर जिवंत आहे.”

घड्याळ चालत राहिलं. शेवटी त्यांनी पदरानं नाक टिपलं आणि निरोपाचं वाक्य मनात जुळवलं. काल रात्रीपासून तेच तर चाललं होतं.

“थांबवा आता,” त्या म्हणाल्या.

टक. टक. टक.

“अहो, थांबवा म्हटलं ना.”

“थांबवलंय.”

बाईंनी वळून पाहिलं. घड्याळजी जरा बाजूला सरकले. लंबक त्यांच्या दोन बोटांत होता.

टक. टक.

“माझाच आवाज परत येत असेल,” बाई पुटपुटल्या. “भाची म्हणाली होती, कधीकधी असं होतं.”

घड्याळजींनी तोंडावर बोट ठेवलं. लंबक हळूच सोडून दिला, तो स्थिर राहील याची खात्री करून घेतली आणि पाय न वाजवता ते संगणकापाशी आले. कान पडद्याजवळ नेऊन त्यांनी डोळे मिटले. बिघडलेलं घड्याळ हातात आलं की उघडण्याआधी ते असंच ऐकायचे. अशा वेळी त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

“घड्याळ नाही हे,” ते म्हणाले.

“मग?”

“ठोके एकसारखे पडत नाहीत. हा जरा आधी आला... हा उशिरा. यंत्र बिघडलं तरी असं बिघडत नाही.” त्यांनी डोळे उघडले. नेहमीची थट्टा त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हती. “हात आहे हा. काहीतरी धरून आपटतोय. बहुतेक चमचा. आणि त्याला फार कष्ट पडतायत गं.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. काळ्या चौकोनातल्या माइकवरची लाल रेघ गेली होती. आठवड्यामागून आठवडे त्या विचारत होत्या, ऐकू येतंय ना, लिहा काहीतरी, बोला काहीतरी, आणि तेही ज्याला लिहिता-बोलता येत नाही त्याला.

त्यांनी तोंड उघडलं, पण जुळवलेलं वाक्य आलं नाही.

वर्गाची वेळ केव्हाच उलटली होती. एरवी या वेळी घड्याळजींची काटे जुळवायची घाई सुरू व्हायची. आज त्यांनी स्टूल ओढलं आणि बाईंच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून बसले. दुकानातली सगळी घड्याळं थांबलेलीच होती.

“येतंय ऐकू,” बाई पडद्याला म्हणाल्या. आवाज कापला तो त्यांनी कापू दिला. “मला ऐकू येतंय. पुढच्या गुरुवारी वेढा कसा उठला ते सांगते.”

टक. टक.

पुढचा ठोका लांबला. घड्याळजींनी बाईंचा हात धरला.

टक.