झोपवलं तुम्ही, आळशी मी?

“काय रे, तू हे मुद्दाम करतोस का?”

ताईने मला हे मोठ्याने विचारलं, कारण ‘त्यालाच जाब विचारून दाखव’ अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. त्या फोनवर खिदळत ऐकत होत्या. मी काय बोलणार? पण मित्रांनो, तुम्हाला सांगतो, कारण आता अगदी अति झालं आहे.

मी एक जुना वायफाय अडॅप्टर आहे. अंगठ्याएवढा, काळा, अंगावर एक हिरवा दिवा. कारखान्यातून थेट या घरी आलो आणि कम्प्युटरच्या पाठीत खोचला गेलो. राउटर बाहेरच्या खोलीत, मी आतल्या. भिंतीपलीकडून तो जे पाठवेल ते पकडायचं आणि कम्प्युटरला द्यायचं, हे माझं काम. चार वर्षं बिनबोभाट केलं. तेव्हा बाबा पाहुण्यांना सांगायचे, “दिसतो एवढासा, पण कामाला वाघ आहे.”

आणि गेल्या महिन्यापासून मी एकदम नालायक!

उद्या ताईची प्रवेश परीक्षा आहे, घरूनच, कम्प्युटरवर. मध्येच नेट गेलं तर पेपर तिथेच संपतो. आणि सरावात ती मोठा उतारा शांतपणे वाचायला लागली, की नेट गेलंच म्हणून समजा.

“तूच काहीतरी दाबत असशील,” बाबा म्हणाले.

ताईच्या धाकट्या भावाने मला टपली मारली. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मामाने मला उपटून फुंकर घातली. “धूळ आहे, दुसरं काही नाही.” मग राउटर तीनदा बंद-चालू केला. माझा ड्रायव्हर, म्हणजे कम्प्युटरला माझ्याकडून काम कसं घ्यायचं ते सांगणारा प्रोग्राम, तोही काढून पुन्हा घातला. शेवटी बाबा नवा अडॅप्टर घेऊन आले आणि माझी रवानगी भंगारात ठरली. माझी चूक काय, हे कोणी बघितलं?

ताईने बघितलं. पैज जिंकून झाल्यावर तिने फोन ठेवला आणि सेटिंगमध्ये माझं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’. पुढे बरोबरची खूण.

“ही खूण कोणी केली?”

रिकाम्या खोलीतला दिवा दिसला की जेवता जेवता उठणारे आमचे बाबा खाकरले. “मी. महिना झाला. वीज वाचते म्हटल्यावर केली. त्यात काय बिघडलं?”

“बाबा, मी नुसती वाचत बसले, की कम्प्युटरला वाटतं याला काम नाही. तो याला झोपवतो. मग हा धड उठत नाही.”

“अगं बाई,” आई म्हणाली, “आणि आपण त्या बिचाऱ्याला शिव्या घालतोय.”

आता बिचारा! मित्रांनो, मुकाट्याने राबणाऱ्याला टपली मारण्याआधी, आपणच त्याचे हात बांधलेत का, एवढं तरी बघत जा.

ताईने खूण काढली. मग माऊसला हातही न लावता अर्धा तास उतारा वाचला. माझा दिवा जळत राहिला.

“तरी उद्या नवाच लाव,” बाबा म्हणाले. “उगाच धोका नको.”

ताई उठली आणि नव्याचं खोकं तिने त्यांच्या हातात दिलं. “हा परत करा. उद्याचा पेपर मी यावरच देणार आहे. आणि आई, बाबा, दोघांनाही सांगते, यापुढे या कम्प्युटरची सेटिंग मला विचारल्याशिवाय कोणी बदलायची नाही.”