चार दिवसांत मिळालेला दाखला

उज्ज्वलाचा फोनवर विश्वास नव्हता आणि फोन करणाऱ्यावर तर मुळीच नव्हता. फुलसावंगीजवळच्या तांड्यालगत ती वावरात कापूस वेचत होती, तेव्हा एका बाईचा फोन आला. "सरकारी वेबसाइटला पुरस्कार द्यायचा आहे. तुम्ही मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज केला होता. दाखला वेळेत मिळाला का?"

मिळाला कुठं होता? अर्ज करून दोन महिने झाले होते. पण उज्ज्वला सावध झाली. सरकार इतक्या गोड आवाजात कधी बोलतं का? ही नक्की दाखल्याच्या कार्यालयातलीच कोणी असणार, तक्रार कोण करते ते पाहून राह्यली. खरं सांगितलं की लेकीचा, राखीचा अर्ज गेला सगळ्यांच्या खाली.

"मिळाला ना बाई," ती म्हणाली. "चारच दिवसांत. लई चांगले लोक आहेत."

महिन्याने ती कार्यालयात गेली, तर दारावर पुरस्काराचा भला मोठा फलक. खिडकीतल्या बाबूने स्क्रीन पाहिली. "ताई, तुमचा अर्ज निकाली निघाला. दाखला मिळाला असं तुम्हीच सांगतलं."

"मी भेऊन सांगतलं."

बाबू खरोखर हळहळला. "मंग नवा अर्ज करा. आन पुन्हा फोन आला तर खरं सांगजा."

उज्ज्वलाने त्याला खालीवर न्याहाळलं. हा मले खरं बोलायले काहून लावून राह्यला?

तिने नवा अर्ज भरला. बसस्टँडवर पोचेपर्यंत तिचं ठरलंही होतं. या खेपेला फोन आला, की तीन दिवसांत मिळाला म्हणायचं.