हाताला कळलेलं

मेंदूज्वरातून बाबा वाचले, पण नवं काही लक्षात ठेवण्याची ताकद त्या तापाबरोबर गेली. शिंप्याचे हात तेवढे शाबूत राहिले. पुढे आई गेली, आणि ती गेल्याचं त्यांच्या डोक्यात काही केल्या टिकेना.

"तुझी आई कुठे उलथलीय गं?" ते विचारायचे. लेक त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची आणि खरं ते सांगायची. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळायचं. दोघं ढसाढसा रडायची. मग डोळे पुसता पुसता बाबाच विचारायचे, "आपण रडतोय कशाला?"

आत्याचा नुसता संताप व्हायचा. "रोज रोज मारतेस तिला! बाजारात गेलीय म्हणून सांगावं की."

"खोटं कसं बोलू, आत्या?"

"मी शिकवते. सासरी जन्म काढलाय मी."

त्या दिवशी दवाखान्यात मानसशास्त्राच्या बाईंनी बाबांपुढे नेहमीचा आरसा ठेवला. कागदाकडे न बघता, आरशात पाहून त्यावर काढलेल्या चांदणीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची.

"असलं काही मी जन्मात केलेलं नाही," बाबा नेहमीसारखं म्हणाले आणि चांदणी सफाईने गिरवून मोकळे झाले. अगदी पहिल्यांदा दवाखान्यात आले होते, तेव्हा पेन्सिल नुसती भरकटली होती. "छे, सोपंच आहे की!"

बाई खूश झाल्या. बाबांना उठवायला लेकीने हात पुढे केला, तसा त्यांनी आपला हात झटकन मागे ओढला.

"काय झालं, बाबा?"

"काय की. टाचणी आहे का तुझ्या हातात? दाखव बघू."

तिने तळवे उघडून दाखवले. त्यांनी चष्म्यावरून नीट निरखलं. काहीच नव्हतं. तरी हात काही पुढे आला नाही. बाईंनी हात दिला, तो मात्र धरून ते खुशाल उठले.

बाईंनी तिला बाजूला घेऊन घरचं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलेलं काकांना आठवत नाही. पण तुम्ही हात धरला की काहीतरी वाईट होतं, एवढं ते शिकलेत. चांदणी शिकले ना, तसंच."

"जाईल हे?"

"सांगायचं थांबवलंत तर, कदाचित. खात्री नाही देत."

खोटं बोलण्याचं एवढं वावडं तिला नव्हतंच. आत्याचं रडून झालं होतं, शेजारपाजारही आपापल्या कामाला लागला होता. आईसाठी तिच्याबरोबर अजून रडणारं माणूस एकच होतं, आणि त्याचं रडू रोज ताजं असायचं.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत टेकले. "तुझी आई कुठे आहे?"

तिने दोन्ही हात मागे बांधले.

"बाजारात गेलीय."

"मग झालंच! भाजीवाल्याचं डोकं खात बसली असेल." बाबा पोट धरून हसले. तीही हसली, ते फार कठीण गेलं. "आली की म्हणावं, तिच्या निळ्या झंपराच्या बाह्या मी सैल करून देतो. काचतात म्हणत होती."

"सांगते," ती म्हणाली.